जोखमीचा तक्ता आणि ओढ्याकाठच्या बाभळी

लांबून चार-पाच माणसं हात हलवून ओरडत होती, म्हणून मीही हसून हात हलवला.

मोरगावच्या पुढं एका माळावर निलगिरीची तोड चालली होती. मी कार्यालयाची मोपेड सावली बघून एका झाडाखाली लावली होती. हँडलला खानावळीचा डबा अडकवलेला होता. रुमालानं मान पुसून वर बघतो तर पलीकडून तोडकरी दोन्ही हात उंचावून मला काहीतरी सांगतायत. त्या तालुक्यात एवढ्या प्रेमानं माझं स्वागत आधी कुणी केलं नव्हतं. मला अगदी भरून आलं. मी हात हलवत त्यांच्या दिशेनं चालायला लागलो, आणि चालायला लागलो म्हणूनच आज हे लिहितोय. मागं कडकड आवाज झाला, जमीन हादरली आणि धुळीचा लोट उठला. मी सावलीसाठी निवडलेल्या झाडाच्या बुंध्याला निम्म्याहून जास्त करवत लागलेली होती, शेंड्याला दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला ही मंडळी होती. ना मला करवतीची खाच दिसली, ना दोर.

मोपेडचा आरसा गेला. डबा तर असा चपटा झाला की त्यात आमटी होती की भाजी, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मुकादम धावत आला. "आवो सायेब, झाड दोराच्या उलट्या अंगाला कललंय म्हून आमी बोंबलतोय, आन् तुमी हात काय हलवताय?"

"मला वाटलं तुम्ही बोलावताय," मी म्हणालो.

"वरनं बोलावनं आलं व्हतं तुमाला," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मग त्यांनीच आपली भाकरी आणि ठेचा मला दिला.

आता मी तिथं गेलो होतो कशाला, तर झाडं तोडताना माणसांची आणि आजूबाजूच्या जमिनीची नीट काळजी घेतली जाते की नाही, हे तपासायला. नियमाप्रमाणे मला अहवालात लिहायला हवं होतं की तोडीच्या जागी एक बेसावध इसम फिरताना आढळला. इसमाचं नाव लिहावं लागलं असतं, म्हणून राहू दिलं.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्याआधी काही वर्षं बारामती आणि इंदापूर भागात बांधाबांधावर, माळावर, ओढ्याकाठी निलगिरी आणि सुबाभूळ लावायची लाट आली होती. ती झाडं आता तोडीला आली होती. जुन्या बाभळी तर होत्याच. निलगिरीचे वासे व्हायचे, बाभूळ वीटभट्टीला जायची किंवा वखारीत. परवाने धडाधड निघत होते. पुण्याच्या आमच्या कार्यालयानं ठरवलं की या तोडीचं पर्यावरणाच्या दृष्टीनं ऑडिट करायचं आणि त्यासाठी माणूस बारामतीला बसवायचा. तो माणूस मी. ऑडिट हा शब्द ऐकला की त्या भागातली माणसं आधी कपाटाच्या किल्ल्या शोधायची. मी झाडांच्या मुळांशी बसून माती बघतो हे कळल्यावर त्यांना फार हायसं वाटायचं, आणि माझ्याबद्दल थोडी कीवही.

बायको पुण्यात शाळेत शिकवायची. मुलगी आणि मुलगा तिथंच शाळेत. त्यामुळं बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता. मी एकटाच आलो आणि एका पिठाच्या गिरणीच्या वरची खोली घेतली. दिवसभर खोली थरथरायची. संध्याकाळी गिरणी बंद झाली की इतकी शांतता व्हायची की मला गिरणीची आठवण यायची. अंथरुणावर, पुस्तकांवर, दाढीच्या ब्रशवर पिठाचा पातळ थर असायचा. एकदा शनिवारी घरी गेलो तर धाकटा म्हणाला, "बाबांचे केस पांढरे झाले." बायकोनं फुंकर मारून बघितली. थोडे उडाले, बरेचसे राहिले.

तर मुद्दा असा की दोन तालुक्यांत तोडीच्या जागा भरपूर आणि तपासणारा एकटा. सगळीकडं जाणं अशक्य. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, "जोखीम बघून जागा निवडा. जिथं नुकसान होण्याची शक्यता जास्त, तिथं आधी जा."

मी ते फारच मनावर घेतलं. खोलीत पाटावर बसून मोठ्या कागदावर तक्ता आखला. जागा ओढ्याजवळ असेल तर इतके गुण, उतारावर असेल तर इतके. झाडं जास्त असतील तर गुण जास्त. ठेकेदार नवा असेल तर जास्त, आणि आधी नियम मोडलेला असेल तर त्याहून जास्त. आणि जागा रस्त्यापासून, वस्तीपासून जितकी लांब तितके गुण जास्त, कारण जिथं बघणारं कुणी नाही तिथं कुऱ्हाड मोकाट सुटते. शेवटी बेरीज. ज्याची बेरीज मोठी तिथं आधी जायचं. तक्ता एवढा देखणा झाला की मी तो भिंतीला खिळ्यानं टांगला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावरही पीठ बसलं.

एक गोष्ट मात्र तक्ता आखताना लक्षात आली नाही. जिथं माणूस नाही तिथं गुण जास्त, हे मीच ठरवलं आणि तिथं जायचं मलाच होतं. म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाला जितक्या म्हणून निर्मनुष्य जागा होत्या, त्या सगळ्या मी स्वतःच्या हातानं स्वतःसाठी निवडल्या. सकाळी पाण्याची बाटली घेऊन निघायचं. माळ, खडक, कापलेली खोडं. टिटवीशिवाय बोलणारं कुणी नाही. कधीकधी मी मोपेडशी बोलायचो. एकदा एका बुंध्याला "बसू का?" असं विचारलं, आणि त्यावर बसलोही.

रविवारी सकाळी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करायचा रिवाज होता. बायकोला तक्त्याचं फार कौतुक. म्हणजे चेष्टेचं कौतुक.

"आपल्या गच्चीला गळती लागलीय," ती एकदा म्हणाली. "तिला किती गुण?"

"ती वस्तीत आहे," मी म्हणालो. "वस्तीतल्या गोष्टींना गुण कमी."

समोर मीटरचे लाल आकडे तेवढे पळत होते.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी मी भवानीनगरच्या पुढच्या एका जागेला जायला निघालो. तक्त्यात ती अगदी वर होती. उतार होता, ओढा होता, ठेकेदार नवा होता, सगळं होतं. पोहोचलो तर तिथं चिटपाखरू नाही. करवती झाडाला टेकवून ठेवलेल्या आणि एक कुत्रं त्यांची राखण करतंय. बांधावरून चाललेल्या एका गृहस्थानं सांगितलं की मुकादमाच्या घरी लग्न आहे, चार दिवस कुणी येणार नाही. त्यानं मलाही लग्नाला बोलावलं. खरं तर मी गेलोही असतो, पण पत्ता सांगण्याआधीच तो निघून गेला.

आता परत खोलीवर जायचं, तर अख्खी दुपार पडलेली. गिरणी शनिवारी लवकर बंद व्हायची. ते जिवावर आलं. पिशवीतली यादी काढली. पुढं निमगाव केतकीच्या अलीकडं एक जागा होती. गुण फार कमी. ओढ्याचे तेवढे होते, पण जमीन सपाट, झाडं मोजकी, रस्ता जवळ, आणि तोडीच्या अर्जात स्पष्ट लिहिलेलं की जागेला वस्ती लागून आहे. तक्त्याच्या हिशोबानं तिथं जायची पाळी पावसाळा संपल्यावरच आली असती. पण वस्ती आहे म्हणजे चहा मिळेल, असा सरळ विचार करून मी मोपेड तिकडं वळवली.

कोरडा ओढा, त्याच्या वळणावर जुन्या दणकट बाभळींची रांग, आणि बाभळींपासून लांब एका लिंबाखाली सगळे तोडकरी बिड्या ओढत बसलेले. कुऱ्हाडी बाजूला. एकही झाड पडलेलं नव्हतं.

"काय हो, जेवणाची सुट्टी?" मी विचारलं.

मुकादम उठला. वयस्कर होता, डोक्याला पटका. "न्हाय सायेब. देव निगालाय."

"कुठं निघाला?"

"निगाला म्हंजे हितं निगाला. या, दावतो."

त्यानं पायातलं काढलं, मलाही काढायला लावलं, आणि तापलेल्या मातीतून मी उड्या मारत त्याच्या मागून गेलो. पहिल्या बाभळीच्या बुडाशी ओढ्यातला एक गोल दगड होता, वरून खालपर्यंत शेंदूर फासलेला. तेलानं नुसता लखलखत होता. दुसऱ्या बाभळीखाली तसाच दुसरा. तिसरीखाली तिसरा. रांगेतल्या एकूण एक बाभळीखाली एकेक देव बसला होता. पलीकडं रानात विखुरलेल्या बाभळींखाली मात्र काही नव्हतं. देव ओढ्याचा काठ धरून बसले होते.

"काल झाडं बगून गेलो तवा यातलं काय बी न्हवतं," मुकादम हळू आवाजात म्हणाला. "म्हसोबाच हाय. आमी कुऱ्हाड लावनार न्हाय. मागं एकानं लावली, त्याचा हात आजून वर व्हत न्हाय."

"पण एकाच जागी एवढे म्हसोबा?"

"त्येच तर भ्या हाय सायेब. एकाला नारळ देऊन समजूत काडली असती. एवड्यांची कशी काडायची?"

माती तापलेली होती, मी आळीपाळीनं एकेक पाय वर उचलत राहिलो.

बाभळींच्या मागच्या अंगाला, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्याचं एक घर होतं. पुढं विहीर आणि जेमतेम तुकडाभर रान. घरातून साठीच्या आसपासची एक बाई तांब्या घेऊन आली. स्वच्छ धुतलेलं लुगडं, ताठ चाल. "पानी घ्या," म्हणाली. मी तांब्या घेताना तिच्या हाताकडं नजर गेली. बोटं घासून घासून धुतलेली होती. पण नखांच्या कडेनं, जिथं माती बसते तिथं, शेंदरी रेघ होती. तेलातला शेंदूर असा जात नाही. आमच्या घरी मारुतीला शेंदूर लावायचं काम लहानपणी माझ्याकडं असायचं. आठवडाभर वरणभात केशरी दिसायचा.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात पदराखाली घेतला.

तेवढ्यात मोटारसायकलवर झाडं विकत घेतलेला वखारवाला आला. त्यानं या बाभळी जमिनीच्या मालकाकडून उभ्याच घेतल्या होत्या. मालक इंदापुरात राहायचा, या बाजूला फिरकतही नसे. वखारवाल्यानं गाडीवरूनच तोंड सोडलं.

"आरं बसलाय काय? ट्रक येनार हाय माजा!"

"देव हाय मालक," मुकादम म्हणाला.

"कुनीतरी मुद्दाम बशिवल्यात रं हे! तुमाला कळंना व्हय?" त्यानं चौफेर बघितलं. नजरेच्या टप्प्यात एकच घर होतं. "ए मावशे, तू बशिवलंस का हे?"

मी तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला.

बाई जागची हलली नाही. "मी?" ती म्हणाली. "आमच्यात देव बशिवत न्हाईत. समद्या निमगावाला ठावं हाय. सासऱ्यानं दीक्षा घेतली तवाच घरातले देव नदीत सोडले. मी नवी नवरी व्हते तवा. तवापासनं ह्या हातानं एका दगडाला कुकू लावलेलं न्हाय." मग तिनं मुकादमाकडं बघितलं. "लावलंय का कदी, तात्या?"

"न्हाय बाबा," मुकादम लगेच म्हणाला. "त्यांच्यात नसतंच ते. मालक, उगं कुनाचं बी नाव घेऊ नगा."

पंचक्रोशीत ज्या एका घरावर कुणाचाही संशय जाणं शक्य नव्हतं, नेमकं तेच घर तिथं होतं. आणि बाई कुंकवाबद्दल बोलली होती, शेंदराबद्दल नाही. हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही.

मग वखारवाला माझ्याकडं वळला. "सायेब, तुमी शिकलेली मानसं. तपासायलाच आलाय नव्हं? मग सांगा की ह्यांला, हे देव न्हाईत म्हून."

सगळे तोडकरी उठून उभे राहिले आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच एवढी माणसं माझ्या मताची वाट बघत होती, आणि प्रश्न काय, तर समोरचे दगड देव आहेत की नाहीत. माझ्या तक्त्यात उताराला रकाना होता, ओढ्याला होता, ठेकेदाराला होता. याला नव्हता. बाईचा चेहरा शांत होता, पण पदराखाली ती बोटं चोळत होती, एकसारखी.

"देवाचं मला कळत नाही," मी म्हणालो. "मला टेपातलं कळतं. परवाना काढा."

प्रत्येक परवान्यावर एक अट छापलेली असायची, की ओढ्याच्या काठापासून ठरावीक अंतरातली झाडं तोडायची नाहीत. ती अट कुणी वाचत नसे. मी मोठ्यानं वाचली.

"पन ओढा कुटाय?" वखारवाला म्हणाला. "पानी दावा मला ह्यात!"

"पाणी पावसाळ्यात दिसेल. काठ आत्ता दिसतोय."

टेपाचं एक टोक मुकादमानं धरलं. इतक्या आनंदानं टेप धरलेला माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येक बाभळीपाशी वाकून आधी देवाला नमस्कार, मग टेप. रांगेतली एकूण एक बाभूळ अंतराच्या आत निघाली, आणि रानातली सगळी बाहेर. म्हणजे ज्या झाडांखाली देव होते तीच झाडं वाचवायची होती आणि ज्यांच्याखाली नव्हते ती तोडायला मोकळी. मुकादमानं माझ्याकडं असं बघितलं की मला थोडी भीतीच वाटली.

"मंजे सरकारला बी पटलंय," तो इतरांना म्हणाला.

मी मोपेडच्या डिकीतून चुना काढून कालवला आणि काठावरच्या प्रत्येक बुंध्याला पांढरा पट्टा मारला. खाली शेंदूर, वर चुना. वखारवाल्यानं थोडी चिडचिड केली, मग हिशोब केला असावा, कारण रानातल्या बाभळींतही त्याचा ट्रक भरणार होता. निघताना त्यानं इकडं तिकडं बघितलं, बूट काढले, पहिल्या देवाला हात जोडले आणि कुणाशी न बोलता गाडीला किक मारली. मुकादमानं बाजारातून नारळ मागवला. खोबऱ्याचा तुकडा मलाही मिळाला. तो घेऊन मी बाईकडं बघितलं, तर ती विहिरीत डोकावून काहीतरी फारच महत्त्वाचं बघत होती.

दिवस कलल्यावर रानातली झाडं पाडून, फांद्या छाटून तोडकरी गेले. ट्रक भरून गेला. अचानक सगळीकडं सामसूम झाली. बाईनं मला ओसरीवर बसवून चहा दिला. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला ताज्या जाईचा हार. बाजूला एका तरुणाचा पदवीचा काळा डगला घातलेला फोटो. तो तिचा मुलगा, पिंपरीला बँकेत होता.

"बगितलं न्हवं तुमी?" तिनं स्वतःच विषय काढला.

"बघितलं."

"मग बोलला का न्हाई?"

"मला कुणी विचारलं नाही. ते दगडांचं विचारत होते."

ती हसली. मग सांगायला लागली. दोन सालांमागं जमिनीच्या मालकानं वरच्या वळणावरच्या बाभळी तोडल्या होत्या. त्या पावसात ओढा तिथनं फुटला आणि तिच्या रानाचा मोठा लचका घेऊन गेला. "एका सांजंत, सायेब. घरधनी असताना लावलेली लिंबाची दोन झाडं व्हती, ती उबीच्या उबी गेली. आता ह्या बाभळी गेल्या असत्या तर हीर गेली असती. हीर गेल्यावर हितं ऱ्हायाचं कशाला?"

"अर्ज करायचा."

"केला की. तुमच्याच हापिसात. म्हन्ले, तपासनीस सायेब येनार हाईत. म्हनलं, कवा? म्हन्ले, नंबर लागंल तवा. हितं तर कुऱ्हाडीला धार लावून झालेली. मग काय करू? तुमी येस्तवर थांबवायला पायजे व्हतं कसं तरी. मानसाचं कुनी ऐकनार न्हाय, हे मला ठावं व्हतं. ज्याचं ऐकत्यात त्याला बशिवला."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मावशी, तोडीच्या अर्जात लिहिलंय की जागेला वस्ती लागून आहे. म्हणून तुमचा नंबर मागं गेला. वस्ती असली की लोकांचं लक्ष असतं, असा हिशोब आहे."

"वस्ती?" तिनं आजूबाजूला बघितलं. घर, विहीर, एक शेळी. "हीच की वस्ती. मी हाय."

शेळीनं मान हलवली.

"एक काम करा," ती थोड्या वेळानं म्हणाली. "तेवडे दगड उचलून वड्यात टाका. पुनवंला पोरगा येनार हाय. त्यानं बगितलं तर..."

"रागावेल?"

"रागवंल त्यो रागवंल. पर त्याला कळंल की आईला एवडं करावं लागलं. मग म्हनंल, हितं एकटी कशाला ऱ्हातीस, चल पिंपरीला. तितं दोन खोल्या हाईत. चांगली हाय सून. पर दिसभर दार लावून बसायचं. हितं निदान वारा तरी इचारतो."

मी तावातावानं उठलो आणि पहिल्या बाभळीपाशी गेलो. हे दगड काल संध्याकाळपर्यंत ओढ्यात गोटे म्हणून पडलेले होते, ते कुणी आणले, कुणी रंगवले, मला सगळं माहीत होतं. मी विज्ञानाचा पदवीधर. वाकलो. हात पुढं केला. आणि हात काही खाली जाईना. समोर फुटलेल्या नारळाची करवंटी होती, मुकादमानं ठेवलेली दोन फुलं होती. पुन्हा हात पुढं केला. डोळ्यांसमोर तो वर न होणारा हात आला.

"काय झालं?" मागून आवाज आला.

"तुम्हीच उचला. तुमचा तर विश्वास नाही."

ती आली. लुगडं खोचलं, वाकली, आणि तीही तशीच थांबली. बराच वेळ त्या दोन फुलांकडं बघत राहिली.

"भ्या वाटत न्हाय मला," ती म्हणाली.

"मला वाटतंय."

"ते दिसतंयच. पर त्या तात्यानं पाय भाजत येऊन हात जोडलं हितं. मी आनला तवा दगूड व्हता. आता त्याचा देव हाय. दुसऱ्याचा देव पान्यात टाकायचा मंजे..." तिनं मान हलवली. "आमच्या सासऱ्यानं सवताचे टाकले. दुसऱ्याचे न्हाय."

"मग मुलाला काय सांगणार?"

"सांगन खरं. रागवू दे. हीर हाय, पानी हाय, मंग कशाला येऊ म्हनन." ती सरळ उभी राहिली. "पावसाळ्यात वडा आला की न्हेईल त्याचं त्यो. ज्याचं व्हतं त्याच्याकडं जाईल."

निघताना तिनं मला हरभऱ्याची डाळ बांधून दिली आणि विचारलं, "परत कवा येनार तपासायला?" या जागेला आता काही गुणच उरले नव्हते, पट्टे मारून झाले होते. तसं मी सांगितलंही. तिनं "बरं" म्हटलं आणि मोपेड वळेपर्यंत ओसरीवर उभी राहिली. भवानीनगर मागं पडेपर्यंत मला ते "बरं" ऐकू येत होतं. खोलीवर आलो तर गिरणी बंद होती. तक्त्यापुढं उभा राहून मी वस्तीच्या रकान्यात दुरुस्ती करायला पेन्सिल काढली, पण वस्तीत किती माणसं, आणि ती कुणाची वाट बघत असतात, हे गुणांत कसं मांडायचं ते सुचेना. खूप वेळ उभा होतो. शेवटी तक्त्यावरचं पीठ तेवढं झटकलं.

त्या पावसाळ्यात ओढा मोठा आला आणि विहीर जागेवर राहिली. हे मी नंतर मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो. दगड मात्र गेले होते. मुलगा येऊन गेला होता आणि आई तिथंच होती.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच बूथवर गेलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. मुकादमाचा टेप, वखारवाल्याचे बूट, माझा न वाकणारा हात. माझी फजिती ऐकून ती एवढी हसली की बूथवाला काचेतून बघायला लागला. आठवड्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी हसवलं होतं. मी तर म्हटलं, ऐक ना, अजून एक राहिलंच, त्या शेळीचं.

ती हसायची थांबली होती.

"त्या बाईनं तुम्ही येईपर्यंत थांबवून ठेवलं सगळं," ती म्हणाली. "इथं नाही हो थांबत काही. काल मुलीला चष्मा लागला."